आईला कसं समजावू? आणि रविवारी ओढणी घेऊ की नको

कृष्णाकाठची | २५ सप्टेंबर २०२५, रात्री ११:४०

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचत होते इथे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

येत्या नोव्हेंबरात १३ वर्षं होतील. बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला होते, सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत होते. गावातलाच मुलगा, दोनदा नाही म्हणून सांगितलं होतं त्याला. त्याने बाटलीतलं ॲसिड टाकलं. चेहऱ्याची उजवी बाजू, मान, उजवा खांदा. उजवा डोळा गेला. आत्तापर्यंत १४ ऑपरेशनं झाली. बाबांनी दीड एकर विकलं त्यात. त्याला १० वर्षांची शिक्षा झाली, २०२१ च्या शेवटी सुटून आला आणि आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून राहतो.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की पुढचं कळावं. मी पुण्यात एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, ८ वर्षं झाली. आई माझ्यासोबत असते, बाबा गावी, ऊस आहे, दोन म्हशी आहेत. म्हणजे माझ्यामुळे आईबाबा गेली ११ वर्षं वेगवेगळ्या गावात राहतात. सणाला भेटतात.

ऑफिसला येणारा एक क्लायंट आहे, प्रिंटिंगचा छोटा व्यवसाय. तीन वर्षं ओळख, आधी फक्त जीएसटीची बिलं, मग चहा, मग बोलणं. ऑगस्टमध्ये त्याने लग्नाचं विचारलं. मला तो आवडतो. हे लिहिताना पण हात थांबला माझा, कारण हे वाक्य मी कुणासमोर मोठ्याने म्हटलेलं नाही.

आईला सांगितलं तर तिने जेवण सोडलं दोन दिवस. ती म्हणते, "त्येला दया आल्या गं. दया काय जलमभर पुरत न्हाई." रात्री ती माझ्याच खोलीत झोपते, १३ वर्षं. झोपायच्या आधी माझ्या गालाला मानेला खोबरेल लावून चोळते, एक रात्र चुकवलेली नाही. ऑफिसात पोचले की फोन, जेवले की फोन, निघाले की फोन.

५ तारखेच्या रविवारी त्याच्या घरी बोलावलंय, पितृपक्ष आणि नवरात्र जाऊ दे म्हणाले त्याच्या घरचे. आई यायला तयार नाही. तिला कसं समजावू? आणि दुसरं, लहान वाटेल तुम्हाला, पण मला रोज रात्री तेच सुचतंय: जाताना तोंडावर ओढणी घेऊ की नको? त्याच्या आईने मला फक्त फोटोत पाहिलंय, आणि तो फोटो डाव्या बाजूने काढलेला आहे.

मीनलताई | २६ सप्टेंबर, सकाळी ६:५०

अगं बाळा, सकाळी पारोसं तोंड घेऊन वाचलं आणि चहा गार झाला. ओढणीबद्दल माझं मत, तुझ्या जिवाला बरं वाटेल तसं कर, पण ती घेतलीस तर स्वतःसाठी घे, त्यांना धक्का बसू नये म्हणून घेऊ नकोस. धक्का बसायचा असेल तर आजच बसू दे, लग्नाच्या मांडवात नको.

शेवंता_डोंबिवली | २६ सप्टेंबर, सकाळी ८:१५

पहिला प्रश्न, मुलगा स्वयंपाक काय काय करतो? आमच्याकडे याच्यावरच सगळं ठरतं हो. 😊 बाकी तू लिहिलंस ना "मला तो आवडतो", ते वाचून लोकलमध्ये उभ्या उभ्या डोळे भरले माझे. तिकडच्या बायका विचारायला लागल्या काय झालं म्हणून.

राजा_मंगळवेढा | २६ सप्टेंबर, सकाळी ९:०२

ताई तुम्ही खूप मोठी प्रेरणा आहात. तुमच्या धैर्याला सलाम. तुम्हाला सगळं चांगलंच मिळणार.

सदाशिवराव | २६ सप्टेंबर, सकाळी १०:३०

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. मला मुलगा आहे, लग्नाचा. तुमच्या आईचं म्हणणं एकदम टाकून देण्यासारखं नाही. अजून ऑपरेशनं व्हायची आहेत का, त्यांचा खर्च कोण करणार, त्याच्या घरच्यांना आकडे माहीत आहेत का, तो गुन्हेगार सुटलाय हे त्यांना सांगितलंय का? भावनेच्या भरात होकार देतात माणसं, आणि चार वर्षांनी हिशोब मांडतात. रविवारी जाण्याआधी मुलाला समोर बसवून कागदावर आकडे मांडा.

मीनलताई | २६ सप्टेंबर, सकाळी १०:५८

सदाशिवराव, मुलगी विचारतेय आईला कसं समजावू, आणि तुम्ही तिच्या जखमेचं कोटेशन मागताय. लग्नाआधी कुठला मुलगा आपल्या बीपीचे, डोक्यावरच्या कर्जाचे आकडे मांडतो हो?

निनावी_७ | २६ सप्टेंबर, दुपारी १:२०

मी पण त्यातलीच आहे म्हणून लिहिते. २००९ मध्ये माझ्यावर कोयत्याने वार झाले, कारण तुझंच, नाही म्हटलं. मानेवर आणि डाव्या हातावर. माझं कपड्यात झाकलं जातं, तुझं नाही, एवढाच फरक.

२०१४ ला माझं लग्न झालं. मुलगा चांगला, शिकलेला, सगळं माहीत असून पुढे आलेला. आमच्या गावात त्याचा सत्कार केला होता लोकांनी, नारळ शाल देऊन, माझ्याशी लग्न केलं म्हणून. त्या दिवशी मला पण भरून आलं होतं. तो नारळ पुढे पाच वर्षं माझ्या डोक्यावर फुटत होता गं. भाजीत मीठ जास्त पडलं तरी "मी होतो म्हणून". माहेरी चार दिवस जास्त राहिले तरी "मी होतो म्हणून". २०१९ ला वेगळी झाले, मुलगी माझ्याजवळ आहे, सुखात आहोत.

हे तुला घाबरवायला नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं ते सांगते: त्याच्याशी लग्नाआधी एकदा कडकडून भांडून बघ. खऱ्या कारणावरून. माणूस लाडात असताना दया आणि प्रेम सारखंच दिसतं, भांडणात कळतं. तू चुकलीस तर तुला "तू चुकलीस" म्हणतो का बघ. जो दया करतो तो आधी सगळं सोडून देतो, आणि नंतर एकदम वसूल करतो.

आणि सत्कार बित्कार कुणी करायला आलं तर दारातून परत पाठव.

कृष्णाकाठची | २६ सप्टेंबर, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार, ऑफिसातून वाचत होते पण उत्तर घरी येऊनच देता आलं.

निनावीताई, तुमचं तीनदा वाचलं. भांडण झालंय आमचं. मार्चमध्ये त्याची बिलं मी चुकीच्या महिन्यात टाकली, त्याला दंड बसला, आणि तो माझ्यावर चांगला ओरडला, ऑफिसात सगळ्यांसमोर. बाकीचे सगळे गप्प झाले, सर उठून आले, अरे हिच्यावर काय ओरडतोस म्हणून. मी त्या रात्री घरी जाऊन आनंदाने रडले होते ताई, हे कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील. १३ वर्षांत माझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं. चूक माझीच होती.

राजादादा, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय ते कळतं. पण प्रेरणा म्हटलं की मला पुढे बोलता येत नाही काही. प्रेरणेला सर्दी होत नाही, पगारवाढ मागता येत नाही, लग्नाची इच्छा तर अजिबात असता येत नाही.

सदाशिवकाका, राग नाही. त्याला सगळं माहीत आहे, तो सुटलाय ते पण. अजून दोन ऑपरेशनं आहेत, ओठाचं आणि मानेचं. पैशाचं मी बघते, माझ्या पगारातून साठवलेत.

फिजिओ_नीता | २७ सप्टेंबर, सकाळी ७:३०

मी ९ वर्षं बर्न्स वॉर्डला, म्हणजे भाजलेल्यांच्या वॉर्डला काम केलंय. थोडं तांत्रिक लिहिते, कारण त्या खोबरेल तेलात खूप काही आहे.

मांडीची पातळ त्वचा काढून चेहऱ्यावर लावतात तिला ग्राफ्ट म्हणतात. तिच्यात तेलाच्या आणि घामाच्या ग्रंथी जवळजवळ येत नाहीत. म्हणून ती कोरडी पडते, खाजते, उन्हाळ्यात घाम न आल्याने त्या भागाला काहिली होते. आणि भाजलेली जागा भरताना आकसत जाते, मान खाली ओढली जाते, ओठ ओढला जातो. त्यासाठी सुरुवातीला वर्षभर घट्ट प्रेशर गारमेंट घालायचं, दिवसाचे २३ तास, आणि मालिश. तुझ्या आईने जे केलंय ना, ते आमच्या वॉर्डमधल्या निम्म्या घरांना जमत नाही. माणसं सहा महिन्यांत कंटाळतात. तुझी मान आज वळत असेल तर त्यात सर्जनइतकाच त्या हाताचा वाटा आहे.

आता १३ वर्षांनी ते मालिश तू स्वतः करू शकतेस, दुसऱ्याने करायलाच पाहिजे असं काही नाही. पण हे आईला औषधाच्या भाषेत सांगू नकोस. तिच्या हाताला दुसरं काम मिळेपर्यंत ते काढून घेऊ नये असं मला वाटतं.

गणेश_इस्लामपूर | २७ सप्टेंबर, सकाळी ११:१०

विषयाला थोडा फाटा देतोय. हे ॲसिड अजून मिळतंच कसं? २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं ना, ओळखपत्र बघून, रजिस्टरला नोंद करून, १८ च्या वरच्यालाच द्यायचं म्हणून? लक्ष्मी अग्रवालच्या केसमध्ये. आमच्याकडे परवा संडास साफ करायचं म्हणून बिनलेबलच्या बाटलीत दिलं दुकानदाराने, नाव सुद्धा विचारलं नाही.

ॲड_कोर्टकचेरी | २७ सप्टेंबर, दुपारी ३:४५

गणेशराव, बरोबर. लक्ष्मी यांच्यावर २००५ मध्ये दिल्लीत खान मार्केटजवळ हल्ला झाला, १५ वर्षांच्या होत्या, २००६ ला याचिका, आणि आदेश यायला २०१३ चा जुलै उजाडला. किमान ३ लाख भरपाई त्याच आदेशात आली. उपचाराचं पण लिहून ठेवा सगळ्यांनी: खासगी असो की सरकारी, कुठलंही हॉस्पिटल ॲसिडग्रस्ताला परत पाठवू शकत नाही, मोफत उपचार करणं बंधनकारक आहे.

धागाकर्तीच्या केसला भारतीय दंड संहितेचं ३२६ अ, म्हणजे ॲसिड हल्ल्याचं वेगळं कलम, लागलं नसणार, ते ३ फेब्रुवारी २०१३ पासूनचं. त्यात कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. आता न्याय संहितेत १२४. मनोधैर्य, म्हणजे पीडितांना अर्थसहाय्य देणारी राज्याची योजना, पण ऑक्टोबर २०१३ ची.

आणि एक महत्त्वाचं, लग्नाच्या बाबतीत. रजिस्टर लग्न करायचं असेल तर थांबा. विशेष विवाह कायद्यात ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती ऑफिसात लावतात, नाव पत्त्यासकट. ज्याच्यापासून पत्ता लपवायचा तो माणूस बाहेर असताना हे नको. दोघं हिंदू असाल तर घरात विधी करून घ्या आणि महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली नंतर नोंदणी करा, त्यात आधीची नोटीस नाही. तो माणूस आसपास फिरकला तर लगेच ११२ ला, पोलिसांना फोन. वकिलाचा खर्च नको असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो.

गणेश_इस्लामपूर | २७ सप्टेंबर, दुपारी ४:०५

वकीलसाहेब हे नोटीसचं माहीतच नव्हतं. धन्यवाद.

फिजिओ_नीता | २७ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२०

फाटा निघालाच आहे तर: कुणावर ॲसिड पडलं तर पाणी. साधं, भरपूर, वाहतं, कमीत कमी २० मिनिटं, कपडे दागिने काढून. हळद, दूध, टूथपेस्ट, काही लावायचं नाही. पहिल्या पाच मिनिटांत पाणी टाकणारा माणूस भेटला तर पुढची पाच ऑपरेशनं कमी होतात.

कृष्णाकाठची | २७ सप्टेंबर, रात्री ९:५०

नीताताई, माझ्या बाबतीत तो माणूस भेटला होता. स्टँडच्या कँटीनमधले काका. बाकी सगळे लांब पळाले, त्यांनी पिण्याच्या पाण्याचं पिंप ओढत आणलं आणि स्टीलच्या जगाने माझ्या तोंडावर ओतत राहिले, मी ओरडत होते नको नको आणि ते म्हणत होते "ओरड पोरी, पर हलू नगंस." डॉक्टर म्हणाले डावा डोळा त्या पाण्याने राहिला. त्यांच्या हाताला पण फोड आले होते. दर भाऊबीजेला जाते त्यांच्याकडे. ६८ वर्षांचे आहेत, आता ऐकू कमी येतं. त्यांच्याकडे जाताना मी ओढणी घेत नाही, आत्ता लिहिताना लक्षात आलं.

रंगपंचमीला मात्र मी अजून बाहेर पडत नाही. अंगावर अचानक पाणी आलं की पाय लटपटतात.

आईची_बाजू | २८ सप्टेंबर, पहाटे ५:१५

झोप येईना म्हणून लिहिते. माझी मुलगी स्टोव्हच्या भडक्यात भाजली होती, १६ वर्षांची असताना. हल्ला नव्हता, पण वॉर्ड तोच, वास तोच.

तुझी आई चुकतेय असं सगळे समजून चाललेत. मला तिच्या जागेवरून सांगू दे. त्या पहिल्या वर्षात आईला सगळे विचारतात पोरगी कशी आहे. आई कशी आहे कुणी विचारत नाही, आणि तिला पण ते सुचत नाही. मग पाच वर्षं, दहा वर्षं जातात. तिची भिशी सुटते, भजनी मंडळ सुटतं, बहिणींकडची लग्नं चुकतात, नवऱ्याशी बोलायचे विषय म्हणजे ड्रेसिंग, औषध, तारीख. माझ्या मुलीने होस्टेलला जाते म्हटलं तेव्हा मी तिला म्हटलं होतं तुला तिथं जमायचं नाही. खरं म्हणजे मला जमणार नव्हतं. ती गेली आणि मी महिनाभर रात्री दोनला उठून बसायची, दोनचं मलम असायचं म्हणून.

तुझ्या आईला वाटत असेल, मी त्या दिवशी स्टँडवर सोबत नव्हते. आता परत सोबत नसले तर परत होईल. एवढंच आहे तिच्या मनात. दया वगैरे ती म्हणते ते तोंडावर यायला सोपं म्हणून. तिला समजावू नकोस. तिला विचार, की तू घाबरलीस का. आणि उत्तर आलं की मध्ये बोलू नकोस.

समुपदेशक_रेवा | २८ सप्टेंबर, सकाळी ९:४०

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. आघात आईलाही झालेला असतो आणि त्यालाही उपचार असतात, ट्रॉमासाठीची खास सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारी उपचारपद्धत) आहे, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर काम) आहे, दोन्ही जगभर वापरतात. लगेच कुठे जाणं होत नसेल तर १४४१६, टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, मोफत, मराठीत बोलता येतं. दोघींनी वेगवेगळा फोन करा, एकत्र नको.

आणि कृष्णाकाठची, पाणी उडाल्यावर पाय लटपटतात हे त्याला माहीत आहे का? मागून हाक, अंधारात हात लागणं, तेलाचा वास, कशाकशाने काय होतं ते लग्नाआधी मोकळं बोला. लाजू नका. रात्री दचकून उठलेल्या बायकोला हात लावायचा की नुसता दिवा लावायचा हे नवऱ्याला आधी माहीत असलेलं बरं.

निनावी_७ | २८ सप्टेंबर, सकाळी १०:१२

दिवा लावायचा. हात लावायचा नाही. रेवाताई हे लिहिल्याबद्दल खूप खूप धन्यवाद. माझ्या वेळी कुणी लिहिलं असतं तर.

सदाशिवराव | २९ सप्टेंबर, रात्री ११:२५

मीनलताईंनी झापलं ते बरोबर होतं. दोन दिवस विचार करतोय, आता खरं काय ते लिहितो.

माझी थोरली बहीण. तिच्या अंगावर कोड होतं, हाताला आणि ओठाजवळ. ७८-७९ सालची गोष्ट. स्थळं यायची, पोहे खायची आणि जायची. एकाने होकार दिला. शाळेत मास्तर होता, आमच्याच पेठेत राहायला. वडिलांनी नाही म्हणून सांगितलं. का, तर हा असा कसा तयार झाला, नक्की काहीतरी खोट असणार किंवा दया, पुढे फसवेल. ताईला विचारलं नाही. त्याचं दुसरीकडे लग्न झालं, चांगलं झालं, नातवंडं आहेत त्याला. आमची ताई ७१ वर्षांची आहे, माझ्याकडेच असते. आम्ही तिला कधी काही कमी पडू दिलं नाही, हे मी लोकांना फार अभिमानाने सांगत आलो.

तुमचा धागा काल तिला वाचून दाखवला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या मुलीला म्हणावं, जा." आणि आत निघून गेली. ४५ वर्षांत या विषयावर आमच्याशी बोललेली नाही ती.

मीनलताई | ३० सप्टेंबर, सकाळी ६:३०

सदाशिवराव, माझे शब्द मागे घेते. ताईंना माझा नमस्कार सांगा.

बँकवाली_स्मिता | ३० सप्टेंबर, दुपारी २:००

जरा अवांतर, पण सीएच्या ऑफिसात आहेस म्हणून विचारते, तुझं केवायसी, म्हणजे बँकेची ओळख पडताळणी, कसं झालं? आमच्याकडे मागच्या वर्षी एक बाई आली होती, ॲपमध्ये डोळे मिचकावा असं येतं, तिला पापणीच नव्हती. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

कृष्णाकाठची | ३० सप्टेंबर, रात्री ८:४५

स्मिताताई, मी त्या ॲपसमोर पाऊण तास बसले होते. डावा डोळा मिचकावला की "कृपया दोन्ही डोळे". शेवटी ब्रँचला गेले, तिथला माणूस म्हणाला सिस्टीम घेत नाही, आईच्या नावावर उघडा. म्हणजे दुसऱ्यांच्या करोडोंचे हिशोब मी करते आणि माझा पगार आईच्या नावावर.

ॲड_कोर्टकचेरी | ३० सप्टेंबर, रात्री ९:३०

आता तसं म्हणता येणार नाही त्यांना. ३० एप्रिल २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, प्रज्ञा प्रसून यांची याचिका, त्या स्वतः ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या. डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग धरला, आणि केवायसीत डोळे मिचकावण्याला पर्याय द्यायला सांगितलंय. प्रिंट काढून घेऊन जा. तसंच २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ॲसिडग्रस्त येतात, ४० टक्के किंवा जास्तीचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी नोकरीत आरक्षण पण आहे.

शेवंता_डोंबिवली | ५ ऑक्टोबर, रात्री ९:००

आज रविवार. सकाळपासून दहा वेळा धागा उघडून बघितला. आमचे हे म्हणतात स्वतःच्या बघण्याच्या कार्यक्रमाला एवढी बेचैन नव्हतीस. काय झालं गं? स्वयंपाक करतो का?

आईची_बाजू | ५ ऑक्टोबर, रात्री १०:३०

मी पण थांबलेय.

कृष्णाकाठची | ६ ऑक्टोबर, रात्री ११:५५

काल यायला उशीर झाला आणि आज कोजागिरी, दूध आटवत बसलो होतो दोघी, म्हणून आत्ता.

आईला मी समजावलं नाही. दसऱ्याच्या रात्री तेल लावत होती तेव्हा विचारलं, आई तुला भीती वाटते का. तिचा हात थांबला. मग खूप वेळाने म्हणाली, त्या दिवशी तू म्हणाली हुतीस चल माझ्यासंगं, बाजार हाय, आन् मी म्हटलं म्हशीचं दूध काढायचं ऱ्हायलंय. मला हे आठवतच नव्हतं. मी म्हटलं होतं तिला चल म्हणून, हे १३ वर्षं तिच्या एकटीजवळ होतं. मी मध्ये बोलले नाही. रविवारी सकाळी उठले तर ती नऊवारी नेसून बसली होती.

ओढणी घेतली, रिक्षात. ऊन आणि धूळ लागते ग्राफ्टला, म्हणून. त्याच्या जिन्यात काढली आणि आईच्या पिशवीत टाकली.

त्याच्या आईने दार उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. पटकन नजर वळवतात ना लोक, तसं केलं नाही, बघितलं. मग म्हणाल्या, या, पंख्याखाली बसा, तुम्हाला उकडण्याचा त्रास होतो म्हणाला हा. थोड्या वेळाने विचारलं, "दुखतं का गं अजून?" थंडीत दुखतं म्हटलं. त्यांनी मान हलवली, त्यांच्या गुडघ्याचं पण थंडीत दुखतं म्हणाल्या. सगळं गोड झालं असं नाही. त्याचे वडील पूर्ण वेळ पेपर धरून होते, दोन प्रश्न विचारले ते पण पेपरला. शेजारचं लहान पोरगं आलं, मला बघून भोकाड पसरलं, सगळे कावरेबावरे झाले. मला सवय आहे, पण आईचा हात माझ्या मनगटावर इतका आवळला होता की आज वळ आहे.

मग चहा आला. मगमध्ये. माझा खालचा ओठ ओढलेला आहे, मला कपाने पिता येत नाही, सांडतं. मी घरी, ऑफिसात बशीने पिते. कुणाला सांगितलेलं नाही कधी, ऑफिसात सगळ्यांना वाटतं मी गावाकडची म्हणून बशी. मी तो मग हातात धरून बसले, गार झाला की बघू म्हणून. तो वडिलांशी कसल्यातरी कागदाच्या रेटबद्दल बोलत होता, बोलता बोलता उठला, आत गेला, बशी आणून माझ्यासमोर ठेवली आणि परत बसून तेच वाक्य पुढे सुरू केलं. माझ्याकडे बघितलं पण नाही.

परत येताना आई गप्प. स्वारगेट आलं तेव्हा म्हणाली, "बशी आणली गं त्यानं." मी गप्प. सिग्नल सुटला. मग म्हणाली, "तरी पन दया न्हाई कशावरनं?"

शेवंताताई, भात आणि पिठलं करता येतं म्हणे. पिठल्यात गुठळ्या होतात हे त्याच्या आईने सांगितलं.

शेवंता_डोंबिवली | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

गुठळ्या चालतील. गुठळ्या मोडायला आम्ही शिकवू. 😭😭

निनावी_७ | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

बशीचं वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसलेय. तुझ्याकडे बघितलं नाही ना, ते फार चांगलं केलं त्याने. माझा असता तर सगळ्यांना सांगून आणली असती.

वडिलांचं मात्र सोडून देऊ नकोस. लग्नानंतर त्याच घरात राहणार की वेगळे, हे आत्ताच विचार.

फिजिओ_नीता | ७ ऑक्टोबर, दुपारी १:३०

ओठाचं ऑपरेशन थंडीत करून घे, लग्नाची तारीख त्याप्रमाणे धर. आणि एक माहिती सगळ्यांसाठीच, मृत्यूनंतर ६ तासांच्या आत त्वचादान करता येतं, मांडी आणि पाठीची पातळ त्वचा घेतात, देह विद्रूप होत नाही. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरला, मुंबईत सायनला स्किन बँक आहे. खूप भाजलेल्यांना पहिल्या दिवसांत झाकायला तीच लागते.

सदाशिवराव | ७ ऑक्टोबर, रात्री ९:१०

ताई रोज विचारते, त्या मुलीचं काय झालं. आज सगळं वाचून दाखवलं. म्हणाली बापाने पेपर खाली ठेवला की कळव. त्वचादानाचा फॉर्म आम्ही दोघं भरतोय, ती म्हणाली माझी कुणाला चालेल का विचार आधी. नीताताई, कोड असलेल्यांची चालते का?

फिजिओ_नीता | ७ ऑक्टोबर, रात्री ९:४०

काका, उद्या स्किन बँकेला विचारून नक्की सांगते. ताईंना म्हणावं त्यांनी विचारलं हेच खूप आहे माझ्यासाठी.

कृष्णाकाठची | ८ ऑक्टोबर, रात्री १०:२०

आजींना माझा नमस्कार काका. त्यांनी "जा" म्हटलं ते मी आईला वाचून दाखवलं होतं दसऱ्याच्या आधी. तिने "किती वर्षाच्या हायत त्या" एवढंच विचारलं होतं.

निनावीताई, विचारलं. तो म्हणाला दुकानाच्या वरची खोली रिकामी आहे, तिथे राहू, बाबांना वेळ लागेल, लागू दे. पाण्याचं आणि दिव्याचं पण सांगितलं त्याला. त्याने दोनच प्रश्न विचारले, दिवा कुठल्या बाजूला पाहिजे आणि मोठा की छोटा.

आईने काल बाबांना फोन लावला. रोज लावते, पाच मिनिटं, म्हशी आणि पाणीपाळी. काल चाळीस मिनिटं बोलत होती, गॅलरीचं दार लावून. मला फक्त एवढं ऐकू आलं, "मी आले तर त्यो तीन गल्लीवरच हाय, तवा तुमी माझ्यासंगं बाजाराला याल का?" बाबा काय म्हणाले माहीत नाही.

तेल अजून तीच लावते. मी काही म्हटलेलं नाही.

वकीलदादा, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय, १९९८ च्या कायद्याच्या नोंदणीला कागद काय काय लागतात ते सांगा. बाबा भाऊबीज करून येतायत, कँटीनच्या काकांना पण घेऊन येतो म्हणाले. उसाला तोड लागायच्या आत परत जायचंय त्यांना, त्यामुळे जे काय बोलायचं ते त्या चार दिवसांत.